मुळशी तालुक्यातील पदभ्रमण मार्ग

मुळशी तालुक्यातील पदभ्रमण मार्ग म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात असलेल्या पायवाटा, गडवाटा, घाटवाटा व तलावाकाठचे रस्ते होत. तालुक्याच्या पूर्व टोकाला पुणे शहराची उपनगरे आहेत, तर पश्चिम टोकाला सह्याद्रीचा मुख्य कडा कोकणात उतरतो. या दोन टोकांमधील सुमारे साठ किलोमीटरच्या पट्ट्यात सपाट भातखाचरे, मुळशी धरणाचा जलाशय, सदाहरित व निमसदाहरित जंगल, छोटे गड आणि कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा आढळतात. त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या व्यक्तीपासून दोराने कडा चढणाऱ्या गिर्यारोहकापर्यंत निरनिराळ्या क्षमतेच्या लोकांना येथे निसर्गात फिरणे शक्य होते. मात्र कोणता मार्ग कोणाला झेपेल, हे केवळ अंतरावरून ठरत नाही. कड्याची जवळीक, पाऊस आणि मध्येच माघारी फिरण्याची सोय हे तीन घटक येथे अंतरापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात.

मुळशी तालुक्यात राष्ट्रीय उद्यान नाही. तालुक्याच्या पश्चिम भागातील जंगलाला २०१३ मध्ये ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर आहे. त्यालगत रायगड जिल्ह्याच्या बाजूस सुधागड वन्यजीव अभयारण्य आहे.

## भौगोलिक पार्श्वभूमी

मुळशी तालुक्याच्या उत्तरेस मावळ तालुका, पूर्वेस पुणे शहर व हवेली तालुका, दक्षिणेस राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुका आणि पश्चिमेस रायगड जिल्हा आहे. पौड हे तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. मुळा, मुठा व मोसे या नद्यांची खोरी पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातात. खोऱ्यांच्या मधील डोंगररांगा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेल्या बेसाल्ट खडकाच्या थरांनी बनलेल्या आहेत. कठीण व मऊ थर एकावर एक असल्यामुळे येथील डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. एक कडा, त्यावर सपाट पठार, त्यावर पुन्हा कडा अशी ही रचना असते. पदभ्रमणाच्या दृष्टीने या रचनेचा परिणाम असा की, पठारावर पोहोचल्यावर चालणे सोपे असते; अवघड भाग एका पठारावरून दुसऱ्या पठारावर जातानाच येतो.

पूर्व-पश्चिम दिशेने निसर्ग झपाट्याने बदलतो. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर ताम्हिणी घाटाच्या परिसरात तो काही हजार मिलिमीटर असतो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी येथे २४ तासांत ५५० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. म्हणजेच पुण्यात संपूर्ण वर्षात पडणाऱ्या पावसाच्या तीन चतुर्थांशाएवढा पाऊस तेथे एका दिवसात पडला. हा फरक लक्षात न घेता, शहरातील आकाश पाहून घाटातील वाटेचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

मुळशी जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जलाशयाच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर घाटमाथा संपतो आणि जमीन सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरते. तालुक्यातील बहुतेक प्रसिद्ध दृश्ये याच काठावरून दिसतात आणि बहुतेक अवघड वाटाही येथूनच सुटतात.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

येथील बहुतेक वाटा सहलीसाठी तयार झालेल्या नाहीत. घाटमाथा व कोकण यांच्यातील व्यापार, गुरांची ने-आण, लग्नसंबंध आणि बाजार यांसाठी त्या शतकानुशतके वापरात होत्या. मीठ, मासळी, धान्य असा माल डोक्यावरून किंवा बैलांच्या पाठीवर याच वाटांनी जात असे. त्यांवर नजर ठेवण्यासाठी कोरीगड, घनगड व कैलासगड हे गड उपयोगी पडत. कोरीगड व घनगड यांचा परिसर कोरबारसे मावळ या नावाने ओळखला जातो. पौड मावळ, मुठे खोरे व मोसे खोरे ही नावेही जुन्या मावळ प्रदेशातील आहेत. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या फौजेने कोरीगडाला वेढा दिला. गडावरील दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाल्यानंतर गड इंग्रजांच्या ताब्यात गेला.

तलावाकाठच्या सोप्या वाटांचा इतिहास अधिक अलीकडचा आहे. मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधण्याचे ठरवले, तेव्हा मुळशी पेट्यातील सुमारे ५२ गावांच्या जमिनी धोक्यात आल्या. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. याच लढ्यामुळे ते सेनापती बापट या नावाने ओळखले जाऊ लागले. विनायकराव भुस्कुटे हेही या लढ्यातील प्रमुख नेते होते. १९२४ पर्यंत हा लढा चालला, परंतु धरण पूर्ण झाले. १९२७ पासून या पाण्यावर कोकणातील भिरा येथे वीजनिर्मिती होऊ लागली. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर ग्रंथ लिहिला असून जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन असे त्याचे वर्णन केले आहे. धरणग्रस्त गावांच्या जमिनीचे प्रश्न पुढेही दीर्घकाळ चर्चेत राहिले. आज जलाशयाच्या काठाने जाणारा प्रवासी ज्या पाण्याकडे पाहतो, त्याच्या तळाशी एके काळची भातशेती आहे.

## मार्गांची प्रतवारी

मराठी दुर्गसाहित्यात चढाईची श्रेणी सोपी, मध्यम व कठीण अशा तीन शब्दांत देण्याची पद्धत आहे. ही श्रेणी सामान्यतः निरोगी तरुण व्यक्ती गृहीत धरून दिलेली असते. लहान मुले, ज्येष्ठ नागरिक, गुडघेदुखी किंवा हृदयविकार असलेले लोक, अंध व्यक्ती आणि चाकाची खुर्ची वापरणारे लोक यांच्यासाठी ती अपुरी पडते. इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ या योजनेखाली कुंपणावरील पायऱ्या ओलांडाव्या न लागणारे मार्ग निवडले आहेत. ‘सर्वांसाठी’, ‘अनेकांसाठी’ आणि ‘काहींसाठी’ अशा तीन वर्गांत ते दाखवले जातात. मार्ग किती अवघड आहे याऐवजी तो कोणासाठी खुला आहे, असा प्रश्न या वर्गवारीत विचारला जातो.

मुळशीतील मार्गांचा विचार पुढील चार निकषांवर करता येतो :

* चढ-उतार – एकूण किती उंची चढावी वा उतरावी लागते आणि चढ सलग आहे की टप्प्याटप्प्याने.
* पृष्ठभाग – डांबरी रस्ता, फरसबंदी, पायऱ्या, मळलेली पायवाट, घसारा (सुटी माती व खडी) की ओला कातळ.
* दृष्टिभय – वाटेलगत उघडा कडा आहे का आणि शिडी किंवा कातळटप्पा ओलांडावा लागतो का.
* माघार – थकवा, दुखापत किंवा पाऊस आल्यास कोणत्याही क्षणी मागे फिरता येते का आणि वाहन जवळ मिळते का.

यांपैकी चौथा निकष बहुधा दुर्लक्षित राहतो. कोरीगडाच्या शेकडो पायऱ्या दमवणाऱ्या असल्या, तरी मधल्या कोणत्याही पायरीवरून परत फिरता येते. याउलट अंधारबनाची वाट बरीचशी सपाट व उताराची आहे. पण अर्धी वाट सरल्यावर पुढे जाणे व मागे येणे हे दोन्ही सारखेच लांब असते. ज्याला आपल्या ताकदीचा नेमका अंदाज नाही, त्याच्यासाठी पहिली वाट दुसरीपेक्षा सुरक्षित ठरते.

## रस्त्यालगतची ठिकाणे व सपाट मार्ग

या गटातील ठिकाणी वाहनाने पोहोचता येते आणि चालणे थोडे किंवा पूर्णपणे ऐच्छिक असते. चाकाची खुर्ची, कुबड्या किंवा काठी वापरणाऱ्यांना, गर्भवती स्त्रियांना, लहान मुलांना आणि ज्येष्ठांना ती सोयीची पडतात.

मुळशी जलाशयाचा दक्षिण काठ – पुणे-पौड-ताम्हिणी-माणगाव हा रस्ता धरणानंतर जलाशयाच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जातो. माले, वळणे, पळसे ही गावे या वाटेवर लागतात. पाण्याचे विस्तीर्ण दृश्य गाडीतूनही दिसते. पळसे परिसरात पावसाळ्यात रस्त्यालगत धबधबे वाहतात. हा वाहतुकीचा रस्ता असून त्याला सलग पदपथ नाही. शनिवार-रविवारी वाहनांची गर्दी होते. त्यामुळे रुंद जागा पाहून थांबणे व तेथेच थोडे फिरणे सोयीचे असते. पाण्याची पातळी उतरल्यावर उघडी पडणारी किनाऱ्याची जमीन वरून कोरडी दिसली, तरी खाली चिखल असू शकतो. धरणाची भिंत हे सहलीचे ठिकाण नसून तेथे विनापरवाना जाता येत नाही.

ताम्हिणी गाव व विंझाई मंदिर – ताम्हिणी येथील विंझाई देवी हे अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांचे कुलदैवत आहे. मंदिर गावात असल्याने डोंगर न चढता घाटमाथ्याचे जंगल जवळून पाहता येते. पहाटे व संध्याकाळी येथे पक्ष्यांचे आवाज भरपूर ऐकू येतात; दृष्टिबाधित व्यक्तींना या परिसराचा अनुभव आवाजातून घेता येतो.

कोळवण खोरे – पौडच्या वायव्येस वाळकी नदीचे कोळवण खोरे पसरले आहे. तळाशी भातखाचरे आणि दोन्ही अंगांना डोंगर असे या खोऱ्याचे रूप आहे. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर चढ कमी असल्याने सावकाश चालणाऱ्यांना हे खोरे सोयीचे आहे. उत्तरेकडे मावळ तालुक्यातील तिकोना गडाचा त्रिकोणी माथा दिसतो. भौगोलिक मानांकन मिळालेला आंबेमोहोर तांदूळ मुळशी-मावळ भागात पिकतो. ऑक्टोबरच्या सुमारास पीक तयार होत असताना त्याचा दरवळ वाटेवर येतो. खाचरांचे बांध ही चालण्याची वाट वाटली तरी ते मातीचे व खासगी मालकीचे असतात. पीक उभे असताना त्यांवरून चालल्यास बांध फुटतो आणि शेतकऱ्याचे नुकसान होते.

दासवे (लवासा) – मोसे खोऱ्यातील लवासा या नियोजित वसाहतीत वरसगाव जलाशयाच्या काठाने फरसबंद पदपथ आहे. निसर्गाच्या दृष्टीने हा परिसर मोठ्या प्रमाणात बदललेला आहे आणि या प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांवरून वादही झाले आहेत. तथापि, सपाट व पक्का पृष्ठभाग असलेल्या तालुक्यातील थोड्या जागांपैकी ही एक आहे. वसाहत खासगी असल्याने प्रवेशाचे नियम वसाहतीच्या व्यवस्थापनाचे असतात. तेथपर्यंतचा रस्ता मुठा नदीवरील टेमघर धरणाजवळून वळणावळणांनी चढतो; प्रवासात मळमळ होणाऱ्यांना तो त्रासदायक ठरू शकतो.

## सोप्या वाटा

साधारण एक तास सलग चालू शकणाऱ्या आणि पायऱ्या चढू शकणाऱ्या व्यक्तींसाठी या वाटा आहेत. सात-आठ वर्षांपुढील मुले व तंदुरुस्त ज्येष्ठ येथे जाऊ शकतात.

कोरीगड – लोणावळ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेला हा गड सुमारे ९२३ मीटर उंच आहे. पेठ शहापूर गावाच्या बाजूने आधी झाडीतील पायवाट व नंतर रुंद पायऱ्या असा अर्धा ते पाऊण तासाचा चढ आहे. आंबवणे गावाकडील वाट त्यामानाने अवघड आहे. गणेश दरवाजातून वर गेल्यावर जवळजवळ सपाट पठार लागते. त्यावर दोन तळी, कोराई देवीचे मंदिर आणि तोफा आहेत. गडाचा तट बहुतांशी शाबूत असून त्याच्या कडेने गडाला फेरी मारता येते. चढ संपल्यानंतरचा हा भाग कोणीही आपल्या गतीने पूर्ण करू शकतो. पावसाळ्यात दाट धुके येते आणि तटाची कड दिसत नाही. अशा वेळी फेरी टाळून मंदिर व तळी एवढाच परिसर पाहणे योग्य ठरते.

पिंपरी ते कुंडलिका दरीचा काठ – अंधारबनाची वाट जेथून सुटते, त्या पिंपरी गावाजवळ एक लहान तलाव आहे. तेथून थोड्या अंतरावर कुंडलिका नदीच्या खोल दरीचे दृश्य दिसते. पूर्ण अंधारबन न करता एवढाच भाग पाहून परत येणे शक्य आहे. दरीच्या काठावर वारा जोराचा असतो. त्यामुळे लहान मुलांचा हात धरूनच येथे फिरावे लागते.

## मध्यम श्रेणीचे मार्ग

घनगड – भांबर्डे परिसरातील एकोले गावातून या छोट्या गडावर जाता येते. गावामागील झाडीतून गारजाई देवीच्या मंदिराकडे वाट जाते आणि पुढे दरवाजा लागतो. गडाच्या वरच्या भागात कातळातील मोडलेल्या पायऱ्यांच्या जागी दुर्गसंवर्धक स्वयंसेवकांनी लोखंडी शिडी बसवली आहे. अंतर कमी असले, तरी शिडी व अरुंद वाट यांमुळे हा मार्ग मध्यम श्रेणीत मोडतो. उंचीची भीती वाटणाऱ्यांना मंदिरापर्यंत जाऊन परतता येते. माथ्यावरून तैलबैला, सुधागड व कोकणाचा मोठा प्रदेश दिसतो.

कैलासगड – लोणावळ्याहून भांबर्डे-वडुस्ते मार्गे ताम्हिणीकडे येणाऱ्या रस्त्यालगत हा गड आहे. तटबंदीचे अवशेष फारसे नाहीत. कातळातील गुहा, शिवलिंग व पाण्याचे टाके आहे. मुळशी जलाशयाचे फाटे येथून एका नजरेत दिसतात. वाटेवर घसारा असून सावली कमी आहे. उतरताना पाय घसरण्याची शक्यता चढण्यापेक्षा अधिक असल्याने काठीचा उपयोग होतो.

तैलबैल्याची खिंड – तैलबैला म्हणजे एका अरुंद डोंगरावर उभ्या असलेल्या दोन उंच कातळभिंती होत. भूशास्त्रीय दृष्ट्या ही एक भित्ती आहे. खडकाच्या भेगेत शिरलेला लाव्हा थंड होऊन कठीण झाला आणि भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उरला. सर्वोच्च भागाची उंची सुमारे १,०१३ मीटर आहे. पायथ्याच्या तैलबैला गावातून दोन्ही भिंतींमधील खिंडीपर्यंत पायी जाता येते. तेथे देवस्थान आहे. खिंडीच्या वरचा भाग प्रस्तरारोहणाचा असून दोर, साधने व प्रशिक्षित सोबत यांशिवाय तो चढता येत नाही.

## कठीण व लांब पल्ल्याचे मार्ग

अंधारबन – दाट छायेमुळे या जंगलाला हे नाव पडले आहे. पिंपरीहून सुरू होणारी ही वाट कुंडलिका दरीच्या काठाने, झाडीतून व ओढे ओलांडत हिरडी या वस्तीपर्यंत जाते आणि तेथून कोकणातील भिरा येथे उतरते. एकूण अंतर सुमारे १३ किलोमीटर असून सहा ते सात तास लागतात. चढ कमी असल्याने ही वाट अनेकदा नवशिक्यांना सुचवली जाते. परंतु शेवटची उतरण गुडघ्यांवर ताण आणते, पावसात ओढ्यांचे पाणी अचानक वाढते आणि मधल्या भागात वाहन पोहोचत नाही. तसेच सुरुवात पुणे जिल्ह्यात व शेवट रायगड जिल्ह्यात असल्याने परतीच्या वाहनाची व्यवस्था आधीच करावी लागते.

प्लस व्हॅली – ताम्हिणी घाटातील दऱ्या एकमेकींना छेदून अधिक चिन्हासारखा आकार तयार झाल्याने या जागेला हे नाव मिळाले. डोंगरवाडीजवळ रस्त्यावरूनच दरीचे दृश्य दिसते आणि बहुतेकांसाठी ते पुरेसे असते. खाली उतरणारी वाट तीव्र उताराची असून मोठ्या धोंड्यांतून जाते. तळाच्या कुंडांची खोली वरून समजत नाही. या परिसरात बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत. उतरलेली सर्व उंची दिवसाच्या शेवटी, थकलेल्या अवस्थेत पुन्हा चढावी लागते.

वाघजाई व सवाष्णी घाट – तैलबैल्याच्या पठारावरून कोकणात उतरणाऱ्या या जुन्या वाटा आहेत. वाघजाई घाटाने ठाणाळे येथील बौद्ध लेण्यांकडे, तर सवाष्णी घाटाने सुधागडाच्या पायथ्याकडील धोंडसे गावाकडे उतरता येते. वाटा जुन्या असल्या, तरी वापर कमी झाल्याने काही ठिकाणी त्या गवतात व कारवीत हरवतात. स्थानिक वाटाड्या, पुरेसे पाणी आणि घाटवाटांचा पूर्वानुभव येथे आवश्यक मानला जातो.

## मार्गांचा संक्षिप्त तक्ता

| मार्ग | पृष्ठभाग | मध्येच माघार | कोणासाठी |
|---|---|---|---|
| जलाशयाचा दक्षिण काठ | डांबरी रस्ता | शक्य | सर्वांसाठी, वाहनाच्या सोबतीने |
| दासवे पदपथ | फरसबंदी | शक्य | सर्वांसाठी |
| ताम्हिणी गाव, कोळवण खोरे | रस्ता व गाववाट | शक्य | सावकाश चालणाऱ्यांसाठी |
| कोरीगड (पेठ शहापूर) | पायवाट व पायऱ्या | शक्य | पायऱ्या चढू शकणाऱ्यांसाठी |
| घनगड, कैलासगड, तैलबैला खिंड | पायवाट, घसारा, शिडी | शक्य | थोडा अनुभव असलेल्यांसाठी |
| अंधारबन | जंगलवाट, ओढे | अवघड | सहा-सात तास चालू शकणाऱ्यांसाठी |
| प्लस व्हॅली, घाटवाटा | धोंडे, तीव्र उतार | अवघड | अनुभवींसाठी |

## ऋतुमान

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बहुतेक सर्व मार्गांसाठी अनुकूल असतो. पावसाळा संपताना सोनकी व तेरडा यांनी पठारे फुलतात. साधारण सात-आठ वर्षांच्या अंतराने कारवीचा सार्वत्रिक बहर येतो. मार्च ते मे या काळात गवत वाळते, सावली कमी होते आणि गडांवरील टाक्यांतील पाणी आटते. तेव्हा पहाटे निघून उन्हाच्या आत परतणे इष्ट असते. जून ते सप्टेंबर या पावसाळी काळात पर्यटकांची सर्वाधिक गर्दी होते, आणि वाटाही तेव्हाच सर्वाधिक धोकादायक असतात. ओढा घोट्यापर्यंत असताना ओलांडलेली व्यक्ती, वरच्या डोंगरात पाऊस झाल्यास, तासाभराने पलीकडेच अडकू शकते.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने जुलै महिन्यात जिल्ह्यातील अनेक पावसाळी पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश काढले. त्यांत मुळशी तालुक्यातील ठिकाणांचाही समावेश होता. अंधारबन, प्लस व्हॅली अशा मार्गांवर वनविभाग व प्रशासन परिस्थितीनुसार प्रवेश बंद करतात. त्यामुळे निघण्यापूर्वी चालू आदेश पाहणे आवश्यक असते.

## वनस्पती व प्राणी

ताम्हिणी परिसरात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, आंबा अशा वृक्षांचे जंगल आहे. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांमध्ये जुने वृक्ष टिकून आहेत. पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी केला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथील झाडांच्या शेंड्यांवर आढळतो. बिबट्या, सांबर, भेकर व रानडुक्कर यांचाही येथे वावर आहे. कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. उग्र वासाची अत्तरे, धूर व मोठा आवाज यांनी त्या बिथरतात.

## सुलभता व कायदा

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. सांस्कृतिक जीवन व करमणूक यांत इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा दिव्यांगांचा हक्कही या कायद्याने मान्य केला आहे. इमारतींच्या उतरंडीसाठी १:१२ हे प्रमाण, म्हणजे एक मीटर चढण्यासाठी बारा मीटर लांबी, सुलभ मानले जाते. सह्याद्रीतील गडवाटांना हे प्रमाण लावणे शक्य नाही. गडांच्या ऐतिहासिक रचनेत बदल करणेही इष्ट नसते. मात्र सपाट थांबे, पक्का पृष्ठभाग, बसण्याची जागा, कठडा, वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह आणि वाटेचे अंतर, चढ व पृष्ठभाग सांगणारा मराठी फलक या गोष्टी रस्त्यालगतच्या ठिकाणी शक्य असतात. फलकावर केवळ गडाचा इतिहास न देता वाटेची माहिती दिल्यास, पुढे जावे की थांबावे याचा निर्णय प्रत्येक व्यक्ती स्वतः घेऊ शकते. गटाबरोबर आलेल्या ज्येष्ठ किंवा दिव्यांग व्यक्तीला गाडीत बसवून ठेवण्याचा प्रसंग बहुधा माहितीच्या अभावातून येतो.

## सुरक्षितता व नियम

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात विस्तव पेटवणे, कचरा टाकणे, प्राण्यांना त्रास देणे व शस्त्र नेणे यांना मनाई आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनासाठी धोरण जाहीर केले असून त्यात आयोजकांची नोंदणी व सुरक्षेची व्यवस्था यांवर भर आहे. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागासाठी १९२६ हे क्रमांक आहेत. तथापि दऱ्यांमध्ये भ्रमणध्वनीचे जाळे अनेकदा मिळत नाही. निघण्याची वेळ, वाट व परतण्याची अपेक्षित वेळ पायथ्याच्या गावात किंवा घरी सांगून ठेवणे हा त्यावरील सर्वांत साधा उपाय होय. अपघात झाल्यास लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेसारखी स्वयंसेवी बचाव पथके व स्थानिक ग्रामस्थ मदतीला येतात.

गटाची गती सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीने ठरवावी, हा पदभ्रमणातील जुना संकेत आहे. अनुभवी व्यक्ती एक पुढे व एक सर्वांत मागे असते. मागच्या व्यक्तीच्या मागे कोणीही राहत नाही. मिश्र क्षमतेच्या गटात कोणी, कोठपर्यंत जायचे आणि उरलेल्यांनी कोठे थांबायचे हे निघण्यापूर्वीच ठरवले जाते.

## स्थानिक जीवनाशी संबंध

पायथ्याच्या गावांत वाटाडे, घरगुती जेवण व मुक्कामाची सोय यांतून काही कुटुंबांना उत्पन्न मिळते. त्याच वेळी वाहनांची गर्दी, प्लास्टिकचा कचरा व दारूच्या बाटल्या यांचा भारही गावांवरच पडतो. अनेक वाटा आजही गुरे राखणाऱ्यांच्या, लाकूडफाटा आणणाऱ्यांच्या व शाळेत जाणाऱ्या मुलांच्या रोजच्या वापरातील आहेत. वाटेची खरी अवस्था त्यांना सर्वांत आधी कळते. ओढ्याला पाणी किती आहे, दरड कोठे कोसळली आहे, पोळी कोणत्या कड्यावर आहेत हे छापील नकाशात सापडत नाही. पायथ्याच्या गावात विचारल्यास ते समजते.

## हे सुद्धा पहा

* मुळशी तालुका
* मुळशी सत्याग्रह
* सेनापती बापट
* ताम्हिणी घाट
* कोरीगड
* घनगड
* तैलबैला
* देवराई